मालिकांमधला भ्रष्टाचार: नोटा दिसतात, सही का दिसत नाही?

तिरपी_रेघ

‘इन द नेम ऑफ द पीपल’ ही चिनी मालिका २०१७ साली हुनान टीव्हीवर आली. पहिल्याच भागात मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याच्या घरी झडती होते. घर साधं, माणूस साधा, ऑफिसला सायकलने जाणारा. काहीच सापडत नाही. मग त्याला दुसऱ्या एका बंगल्यावर नेतात. फ्रीज उघडला की नोटा, पलंग उचलला की नोटा, भिंत उघडली की नोटा. तो माणूस कोसळतो, रडतो आणि सांगतो की यातली एकही नोट मी खर्च केलेली नाही, हिंमतच झाली नाही.

हे कल्पनारंजन नाही. चीनच्या राष्ट्रीय ऊर्जा प्रशासनात कोळसा विभागाचा उपप्रमुख असलेल्या वेई पेंगयुआनकडे २०१४ मध्ये २० कोटी युआनहून जास्त रोकड सापडली होती. मोजायला १६ यंत्रं आणली आणि त्यातली ४ जळाली, असं तिथल्याच माध्यमांनी छापलं होतं.

दृश्य जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पाहून झाल्यावर मला एकच प्रश्न पडला: हे पैसे कशाबद्दल मिळाले? कोळशाच्या प्रकल्पांना मंजुरी देण्याचं काम या माणसाकडे होतं. म्हणजे कुठल्या तरी फाईली अडल्या, कुठल्या तरी पळाल्या, कुणाच्या तरी प्रस्तावात त्रुटी निघाली आणि कुणाची निघाली नाही. त्यातलं पडद्यावर जवळजवळ काहीच येत नाही. आपण नोटांचा ढीग बघून "बाप रे" म्हणतो आणि पुढच्या भागाकडे वळतो.

एकट्या या मालिकेला बोल लावत नाही. पडद्यावर भ्रष्टाचार म्हटला की सुटकेस आली, पार्किंगमधली भेट आली, टेबलाखालून सरकणारं पाकीट आलं. प्रत्यक्षात यातलं बरंचसं काम ऑफिसच्या वेळेत, ट्यूबलाइटच्या उजेडात, जावक क्रमांक टाकून होतं. निविदेतली एक अट बदलते. मुदत आठ दिवसांनी वाढते. "तपासून फेरसादर करावे" एवढा शेरा पडतो आणि प्रस्ताव वर्षभर खालीच राहतो. यात गुन्हा कुठे घडला ते बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून कॅमेरा तिकडे फिरकत नसावा.

ज्यांना जमलंय अशी दोन उदाहरणं चटकन आठवली. बीबीसीच्या ‘येस मिनिस्टर’च्या तिसऱ्या हंगामात (१९८२) परदेशी कंत्राटासाठी लाच दिली गेल्याचं मंत्र्याला कळतं. तिथे रकमेच्या आकारानुसार लाचेची नोंद कुठल्या सदराखाली होते ते सांगितलं आहे. लहान असेल तर विशेष सवलत, मधली असेल तर एजंटाची फी, फारच मोठी असेल तर प्रशासकीय खर्च! दुसरं, डॅनिश ‘बोर्गेन’ (२०१०). पहिला अख्खा भाग एका पावतीवर उभा आहे. पंतप्रधानाच्या बायकोच्या खरेदीचं बिल सरकारी कार्डावर गेलेलं असतं. चोरीचा इरादा म्हणावा असंही नाही. पण ती पावती कुणाच्या हाती लागते, कोण ती वापरायला नकार देतो आणि कोण टीव्हीवरच्या वादात फडकवतो, यावर निवडणूक फिरते. स्वीडनमध्ये १९९५ साली मोना सालीन या उपपंतप्रधानांचं खरोखरच असं झालं होतं. सरकारी कार्डावर खासगी खरेदी, त्यात चॉकलेटसुद्धा. पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून त्यांना बाहेर पडावं लागलं.

तर तुम्ही पाहिलेल्या कुठल्या मालिकेत भ्रष्टाचार कसा *होतो* ते कळलं? नुसतं कोण नालायक ते नको. रहस्यभेद होणारच आहेत, ज्यांना नको त्यांनी इथूनच परत फिरावं.

झोपाळू

धागा आवडला, पण मूळ तक्रार पटली नाही. फाईल वर्षभर पडून राहते हे दाखवायचं कसं? प्रेक्षक फाईलच्या आधी झोपेल. नाटकाला चेहरा लागतो, आवाज चढावा लागतो, कुणीतरी पकडला जावा लागतो. नोटांचा ढीग एका फटक्यात समजतो, ताळेबंद समजत नाही. म्हणून नोटा.

हिशेबनीस

@झोपाळू, ‘स्कॅम १९९२’ ही शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची मालिका पाहिली नाहीत का?

लेखापरीक्षणात उभी नोकरी गेली, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो. बँकांना सरकारी रोखे ठरावीक प्रमाणात बाळगावे लागतात. कमी पडले की दुसऱ्या बँकेकडून थोड्या मुदतीसाठी घ्यायचे आणि ठरलेल्या दिवशी परत करायचे, हा रेडी फॉरवर्ड व्यवहार. रोखे प्रत्यक्षात जागचे हलत नसत. विकणारी बँक ‘बँक रिसीट’ नावाची पावती द्यायची, म्हणजे बीआर. रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातल्या नोंदी तेव्हा हाताने होत आणि कायम मागे पडलेल्या असत. त्या फटीत दलाल शिरला. एका बँकेचा दुसऱ्या बँकेला द्यायचा चेक दलालाच्या खात्यात जमा करण्याची सोय बँकांनीच करून दिली. त्यात बँक ऑफ कराड आणि मेट्रोपोलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांनी मागे रोखे नसतानाच बीआर काढून दिल्या. झालं! बँकांचा पैसा शेअर बाजारात, आणि सगळ्यांच्या दप्तरी कागद बरोबर.

आता हे वाचताना तुम्हाला जांभई आली असेल. मालिकेत येत नाही. १० भागांत दिग्दर्शक हंसल मेहतांनी हा सगळा व्यवहार माणसांच्या बोलण्याचालण्यातून उलगडला आहे. कोण कुणाला फोन करतो, कोण डोळे मिटून सही करतो, कोण "सगळेच करतात" म्हणतो. पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी २३ एप्रिल १९९२ ला छापून आली. ती बातमी म्हणजे हिशेब जुळत नसल्याचं कोडं होतं, हेही मालिकेत नीट येतं. कागद दाखवूनही लोक जागे राहिले, झोपाळूशेठ.

मला खटकलं ते वेगळंच. मालिका आली ऑक्टोबर २०२० मध्ये, आणि महिन्याभरात तिचं शीर्षकसंगीत जो तो रीलवर लावायला लागला. हर्षद मेहता स्फूर्तिस्थान! दिग्दर्शकाने त्याला देव केलेला नाही, शेवटची घसरणही दाखवली आहे. पण नव्या गाडीचा, टाळ्यांचा आणि भाषणांचा वेळ इतका आहे की तराजू आपोआप झुकतो.

आणि गंमत बघा, तिरपी_रेघ. जून १९९३ मध्ये हर्षद मेहतांनी पत्रकार परिषद घेऊन पंतप्रधान नरसिंह रावांना एक कोटी रुपये दिल्याचा आरोप केला, आणि एवढी रक्कम सुटकेसमध्ये मावते हे दाखवायला खरोखर सुटकेस आणली. रावांनी आरोप फेटाळला, तो सिद्धही झाला नाही. पण आज कुणालाही त्या प्रकरणातलं काय आठवतं विचारा. बीआर आठवत नाही, सुटकेस आठवते. म्हणजे सुटकेसचं नाट्य फक्त पटकथाकारांना कळतं असं नाही, आरोप करणाऱ्यांनाही पक्कं माहीत असतं.

तिरपी_रेघ

@हिशेबनीस, शेवटचा परिच्छेद भारी. मेहतांनी स्वतःच आपला सीन लिहिला म्हणायचा!

@झोपाळू, चेहरा लागतो हे मान्य. पण चेहरा कारकुनाचाही असू शकतो. ‘स्कॅम १९९२’ मधला माझा सर्वात लाडका क्षण म्हणजे बँकेतला एक अधिकारी गडबडलेला हिशेब पुन्हा पुन्हा तपासतो तो. तिथे पार्श्वसंगीतसुद्धा फारसं लागत नाही.

उंबरझाड

बुडालं कोण ते या सगळ्यात दिसतं का? शेअर बाजाराचा निर्देशांक एप्रिल १९९२ मध्ये ४४६७ पर्यंत चढला आणि वर्षभरात जवळपास निम्म्यावर आला. शेवटच्या महिन्यात उधारीने शेअर घेणारी माणसं त्यात होती. मालिकेत ती गर्दी म्हणून येतात. आधी नाचणारी गर्दी, नंतर रडणारी गर्दी. नाव एकालाही नाही.

याच्या उलट टोकाची मालिका म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर आलेली ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’. फक्त चार भाग. फुजित्सूच्या ‘होरायझन’ या संगणकप्रणालीत दोष होते. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या उप-पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसायची. पोस्टाने मानलं की हे चोर आहेत. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, अनेकांनी घर विकून ती न झालेली तूट भरली. दर वेळी सांगितलं जायचं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

लक्षात घ्या, हे गुपित नव्हतं. ‘कॉम्प्युटर वीकली’ने २००९ मध्येच छापलं होतं. ५५५ जणांनी दावा लावला, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक चौकशी चालू होती. तरी देश ढिम्म. चार रात्री मालिका दाखवली आणि लाखो लोकांच्या सह्या गोळा झाल्या, पोस्टाच्या माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स यांनी त्यांचा राष्ट्रीय सन्मान परत केला, आणि मे महिन्यात संसदेने त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा केला. पत्रकारिता, न्यायालय आणि चौकशी यांना पंधरा वर्षांत जे जमलं नाही त्याला मालिकेने चालना दिली. कारण कॅमेरा पोस्टमास्तरीण बाईंच्या काउंटरच्या आतल्या बाजूला होता. स्क्रीनवरची तूट त्यांच्यासमोर दुप्पट होते तो सीन पाहा. एक आकडा बदलतो, बाकी काही घडत नाही, आणि तुमच्या पोटात गोळा येतो.

चष्मेबहाद्दर

मालिका उत्तम, पण हा भ्रष्टाचार कसा? कुणी लाच घेतली नाही. हा सॉफ्टवेअरचा दोष आणि संस्थेचा हेकटपणा. सगळ्याच अन्यायाला भ्रष्टाचार म्हणायला लागलो तर धाग्याचा विषयच उरणार नाही.

उंबरझाड

लाच हा एकच प्रकार धरला तर तुमचं बरोबर. पण आपल्या संस्थेचं नाव आणि आपली खुर्ची वाचवायला निरपराध माणसाला तुरुंगात जाऊ देणं, आणि त्याच वेळी त्याच्याकडून "तूट" वसूल करून ती जमेच्या बाजूला घेणं, याला मग काय म्हणायचं? ज्या पैशाचा मालकच नव्हता तो पैसा संस्थेच्या खात्यात गेला. कुणाच्या खिशात गेला नाही म्हणून तो स्वच्छ होत नाही.

चष्मेबहाद्दर

सत्तेचा गैरवापर म्हणा. मी भ्रष्टाचार म्हणणार नाही. असो, इथे थांबतो, नाहीतर धागा हायजॅक होईल.

आडवाटेची

सगळे इंग्लंड-अमेरिकेत रमलेत म्हणून जरा घरचं. ‘ऑफिस ऑफिस’ आठवते ना? सब टीव्ही, २००१, पंकज कपूरचा मुसद्दीलाल. दर भागात तो वेगळ्या कार्यालयात जातो आणि दर ठिकाणी त्याच पाच जणांशी गाठ पडते. टेलिफोनच्या ऑफिसात तेच, पेन्शनच्या ऑफिसात तेच, रुग्णालयातही तेच. बहुधा पैसे वाचवायला तोच नटसंच ठेवला असेल, पण त्यातून जे निघतं ते कुठल्याही गंभीर मालिकेला साधलेलं नाही. खुर्ची बदलली, खातं बदललं, माणूस तोच. आणि एकही जण स्वतःला वाईट समजत नाही. चहापाणी, गप्पा, एकमेकांची विचारपूस, सगळं अगदी घरच्यासारखं चाललेलं असतं. मुसद्दीलाल तेवढा उपरा.

त्याआधी दूरदर्शनवर ‘रजनी’ होती, १९८५ ची. बासू चटर्जींची, प्रिया तेंडुलकरांची. तिचा धाक होता म्हणतात. पण तिथे गणित सोपं होतं: एक धीट बाई, एक अडवणूक करणारा माणूस, वीस-बावीस मिनिटं, प्रश्न सुटला. बघताना बरं वाटतं. ‘ऑफिस ऑफिस’ मध्ये शेवटी मुसद्दीलालने त्यांच्यावर डाव उलटवला तरी पुढच्या भागात तो पुन्हा रांगेत उभाच. मला दुसरं जास्त खरं वाटतं, आणि म्हणूनच ते विनोदी करावं लागलं असेल. तेच रडत सांगितलं असतं तर कोणी दुसरा भाग पाहिला नसता.

‘येस मिनिस्टर’चा हिंदी अवतार ‘जी मंत्रीजी’ही होता, स्टार प्लसवर, फारुख शेख आणि जयंत कृपलानी. दोघंही नट उत्तम. तरी जमला नाही. मूळ मालिकेत सचिव मंत्र्याला अडवतो ते फार सभ्यपणे, नियमांच्या आडून. आपल्याकडे मंत्र्यापुढे सचिव असा टिकेल यावर प्रेक्षकाचाच विश्वास बसत नाही.

झोपाळू

+१ ऑफिस ऑफिस. ते पाच जण अजून दिसतात, फक्त आता समोर कॉम्प्युटर असतो आणि "सर्व्हर डाऊन आहे" म्हणतात.

पाचवा_सीझन

आयडी बघून कळलंच असेल मी कुठल्या मालिकेबद्दल लिहिणार. ‘द वायर’, बाल्टिमोर शहरातले पोलीस, गुन्हेगार आणि पुढारी यांच्यावरची अमेरिकी मालिका, एचबीओ, २००२ ते २००८, पाच हंगाम, ६० भाग. लिहिणारा डेव्हिड सायमन बाल्टिमोरमधल्या वर्तमानपत्राचा बातमीदार, आणि जोडीदार एड बर्न्स आधी पोलीस, मग शिक्षक. त्यामुळे कागदाची ताकद दोघांना माहीत होती.

पहिल्याच हंगामात पोलीस एका गाडीतून २० हजार डॉलर जप्त करतात. गाडी चालवणारा सिनेटर क्ले डेव्हिसचा माणूस निघतो. वरून फोन येतो आणि पैसे परत करावे लागतात. म्हणजे सुटकेस-छाप दृश्य आहेच, पण त्याचं काम वेगळं आहे. पैसा सापडला म्हणून गोष्ट संपत नाही, उलट तपासच अडचणीत येतो. अमली पदार्थांच्या मागे गेलात तर गर्दुल्ले आणि विक्रेते सापडतील, पैशाच्या मागे गेलात तर कुठे पोहोचाल सांगता येत नाही, अशा अर्थाचं तपास पथकातला लेस्टर फ्रीमन तिथे बोलतो. चौथ्या हंगामात तो निवडणुकीच्या तोंडावर राजकीय देणग्यांची कागदपत्रं मागवतो. नोटिसा जातात, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या पथकावर नवा साहेब बसवून पथक निकामी केलं जातं. कुणी कुणाला धमकी देत नाही. एक बदली, बस्स.

माझ्यासाठी दुसरा हंगाम सर्वात मोठा. फ्रँक सोबोत्का बंदरातल्या गोदी कामगारांच्या युनियनचा पुढारी. तस्करांचे कंटेनर बंदरातून गुपचूप सोडतो, पैसे घेतो. त्या पैशाचं काय करतो? दलाल नेमतो, पुढाऱ्यांच्या निधीत देणग्या देतो, कशासाठी तर कालवा खोल करावा आणि धान्याचा धक्का पुन्हा चालू करावा म्हणून. म्हणजे पोरांना काम मिळेल. स्वतः जुन्याच घरात. आता याला खलनायक म्हणायचं की काय? त्याने देणग्या दिल्या त्या सगळ्या कायदेशीर चौकटीतल्या. बेकायदा पैसा एका टोकाला आत गेला, कायदेशीर देणगी होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर आला. आणि ज्या धक्क्यासाठी हा जिवाला मुकला तिथे पाचव्या हंगामात महागड्या घरांच्या प्रकल्पाचं उद्घाटन होतं, महापौर फीत कापायला हजर. त्या उद्घाटनात एकही बेकायदा गोष्ट नाही.

क्ले डेव्हिसवर शेवटी खटला होतो. कागद त्याच्या विरोधात. तो साक्षीला उभा राहतो, हो, रोख पैसे घेतले आणि माझ्या गरीब मतदारांना वाटले म्हणतो, ज्युरीला डोलवतो आणि सुटतो. सरकारी वकिलाचे आकडे एकीकडे, ह्याचं भाषण दुसरीकडे. झोपाळूंचा मुद्दा मालिकेनेच मान्य केलाय बघा: नाट्य कागदाला हरवतं.

झोपाळू

चला, एकदा तरी माझ्या बाजूने बोललात. मग ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ला का नावं ठेवता सगळे? तिथे तर फक्त नाट्यच आहे.

चष्मेबहाद्दर

कोणता? बीबीसीचा ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ नोव्हेंबर १९९० मध्ये सुरू झाला आणि त्याच आठवड्यात मार्गारेट थॅचर यांनी राजीनामा जाहीर केला. पक्षनेतेपदाच्या भांडणावरची मालिका, बाहेर पक्षनेतेपदाचं भांडण. असा योग पुन्हा येणे नाही. चारच भाग, आणि त्यातला कारस्थानी पुढारी उर्कहार्ट कॅमेऱ्याकडे बघून आपल्याला कटात सामील करून घेतो. २०१३ च्या अमेरिकी आवृत्तीने तीच युक्ती हंगामामागून हंगाम ताणली. सुरुवातीला गॅस कंपनीचा लॉबिस्ट, ग्रंथालयाला दिलेली देणगी वगैरे तपशील होते आणि ते चांगले होते. पुढे खून, कारस्थान आणि पुन्हा खून. राष्ट्राध्यक्ष स्वतः माणसं मारायला लागला की निवडणूक निधीचे नियम कोण बघतो! प्रेक्षक म्हणतो, असं काही आपल्याकडे नाही बुवा. अतिरेक इतका की खरा पुढारी त्यापुढे सोज्वळ दिसतो.

त्यापेक्षा फ्रेंच ‘बारों न्वार’ (२०१६) पाहा. डंकर्कचा महापौर फिलिप रिकवार्ट. सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेचे पैसे राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात वळवलेले असतात. स्वतःसाठी एक फ्रँक... माफ करा, एक युरो नाही, सगळं पक्षासाठी, डाव्या विचारांसाठी. तपासणी येणार म्हटल्यावर रातोरात पैसे परत भरायची धावाधाव. ज्याच्यासाठी केलं तो उमेदवार हात झटकतो, आणि हिशेब सांभाळणारा जुना साथीदार आत्महत्या करतो. लिहिणाऱ्यांपैकी एक जण स्वतः समाजवादी पक्षात काम केलेला, ते जाणवतं. पक्षकार्य म्हणून केलेला गैरव्यवहार हा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण करणाऱ्याला रात्री शांत झोप लागते. @पाचवा_सीझन, सोबोत्काचा हा भाऊच.

निरुत्तर

सगळे मालिकेच्या आत काय आहे त्यावर बोलताय. मालिका काढतो कोण?

तिरपी_रेघ यांनी सुरुवात केलेली चिनी मालिका घ्या. तिच्यामागे तिथल्या सर्वोच्च सरकारी अभियोग संस्थेचं चित्रपट-दूरदर्शन केंद्र होतं. २००४ मध्ये अशा गुन्हे आणि भ्रष्टाचारावरच्या मालिका मुख्य वेळेतून हटवल्या होत्या. २०१७ मध्ये, भ्रष्टाचारविरोधी मोहीम जोरात असताना, त्या परत आल्या. त्यामुळे नोटांचा ढीग का दिसतो आणि मंजुरीची पद्धत का दिसत नाही याचं उत्तर निव्वळ नाट्यात नाही. ढीग दाखवला की एक सडका माणूस दाखवता येतो, आणि त्याला पकडणारे चांगले दाखवता येतात. पद्धत दाखवली की ती कुणी बनवली हा प्रश्न येतो.

ब्राझीलची ‘द मेकॅनिझम’ नेटफ्लिक्सवर मार्च २०१८ मध्ये आली. विषय ‘लावा जातो’, म्हणजे २०१४ पासून चाललेला पेट्रोब्रास ही सरकारी तेल कंपनी आणि बांधकाम कंपन्यांचा प्रचंड तपास. ठेकेदारांनी आपसांत निविदा वाटून घेणं, त्यातून पक्षांना टक्केवारी, हे त्यात बऱ्यापैकी दाखवलं आहे. पण तपास "थोपवण्या"बद्दलचं जे वाक्य खऱ्या आयुष्यात रोमेरो जुका या सिनेटरच्या ध्वनिफितीत सापडलं होतं, ते मालिकेत माजी राष्ट्राध्यक्ष लुलांसारख्या दिसणाऱ्या पात्राच्या तोंडी घातलं. माजी राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांनी जाहीर आक्षेप घेतला. पुढच्याच महिन्यात लुला तुरुंगात गेले, आणि ते निवडणुकीचं वर्ष होतं! नंतर काय झालं? ज्या न्यायाधीश मोरोंच्या प्रतिमेवर मालिकेतला न्यायाधीश बेतला होता ते २०१९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंचे न्यायमंत्री झाले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुलांच्या शिक्षा रद्द केल्या आणि मोरो पक्षपाती होते असं ठरवलं. लुला पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. मालिका मात्र २०१८ च्या खात्रीनिशी अजून तिथेच आहे. खटला चालू असताना त्यावर मालिका करू नये असं मी म्हणत नाही, पण ‘सत्य घटनांवर आधारित’ या पाटीखाली वाक्यांचे मालक बदलणं हा सरळ खोटेपणा झाला.

आणि युक्रेन. ‘सर्व्हंट ऑफ द पीपल’ (२०१५) मध्ये इतिहासाचा एक शिक्षक भ्रष्टाचारावर चिडून बोलतो, विद्यार्थी ते चित्रित करतो आणि तो राष्ट्राध्यक्ष होतो. नट झेलेन्स्की. त्याच नावाचा पक्ष निघाला आणि २०१९ मध्ये ७३ टक्के मतांनी ते खरेच राष्ट्राध्यक्ष झाले. मालिकेत धनदांडगे देश चालवताना दाखवलेत. मालिका दाखवणारी ‘१+१’ वाहिनी होती कोलोमोयस्कींची, म्हणजे देशातल्या सर्वात बड्या धनदांडग्यांपैकी एकाची! मालिका चालू असतानाच, डिसेंबर २०१६ मध्ये, त्यांच्या प्रिव्हॅटबँकेच्या ताळेबंदात अब्जावधी डॉलरचा खड्डा असल्याचं सांगून सरकारने ती ताब्यात घेतली. असल्या विनोदाला पटकथाकार लागत नाही.

आडवाटेची

@निरुत्तर, मग मालक वाईट म्हणून मालिका खोटी का? मालिकेतला राग खराच होता, म्हणून तर लोकांनी मत दिलं. आणि उलटही पाहा. इटलीत ‘ला पिओव्रा’ सरकारी वाहिनीवर चालली, १९८४ पासून. माफिया, बँका आणि पुढारी यांचं साटंलोटं सरकारच्याच पैशाने दाखवलं. १९८९ मध्ये त्यातल्या इन्स्पेक्टर कात्तानीला मारून टाकलं तेव्हा देश हळहळला. नंतर पंतप्रधान बर्लुस्कोनी चिडून म्हणाले होते की अशा मालिकांनी इटलीची बदनामी केली. म्हणजे कुणाला तरी झोंबलंच ना?

निरुत्तर

झोंबलं हे मान्य. मालकीमुळे मालिका खोटी ठरत नाही, पण तिचा कॅमेरा कुठे वळत नाही ते मालकीवरून कळतं. ‘सर्व्हंट...’ मध्ये वाहिन्यांच्या मालकांच्या बँका कशा चालतात यावर किती मिनिटं खर्च झालीत ते पाहा.

झोपाळू

बरं, हिशेबनीस. एवढं सगळं वाचल्यावर मला वाटायला लागलंय की तुम्ही एक भाग लिहाच. सुटकेस नाही, खून नाही, पार्किंग नाही. नुसती निविदा. बघू किती वेळ जागा राहतो.

हिशेबनीस

आव्हान स्वीकारलं. शाळेच्या इमारतीचं काम. पहिला सीन: एक कनिष्ठ अभियंता अटी लिहितोय. त्याला साहेब सांगतात, "मागच्या तीन वर्षांत याच प्रकारचं, एवढ्याच चौरस फुटांचं काम केलेलं असावं, ही अट घाल." वाजवी वाटते ना? पण तेवढं काम केलेली कंपनी त्या भागात एकच आहे. दुसरा सीन: तीन निविदा येतात. तीनही वेगवेगळ्या नावांच्या, पण दोन निविदांमध्ये शुद्धलेखनाची चूक एकाच शब्दात एकाच जागी. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, शोभेच्या निविदा एकाच टेबलावर टाइप होतात. तिसरा सीन: सर्वात कमी दराची निविदा मंजूर. सगळं नियमाप्रमाणे, वर्तमानपत्रात जनतेचे पैसे वाचल्याची बातमी. चौथा सीन, सहा महिन्यांनंतर: पाया खणताना "अनपेक्षित" खडक लागतो, वाढीव कामाचा प्रस्ताव येतो. मग आणखी एक. वाढीव कामाला निविदा लागत नाही. कमी दराने घेतलेलं काम शेवटी सर्वात महाग पडतं. पाचवा सीन: साहेब निवृत्त होतात, वर्षाने त्याच कंपनीत सल्लागार म्हणून रुजू. एक रुपया रोख कुठेही हातबदल झालेला नाही. आणि मी, लेखापरीक्षक, फक्त एवढाच शेरा लिहू शकतो की वाढीव कामाचं समर्थन समाधानकारक आढळले नाही.

झोपाळू

शुद्धलेखनाच्या चुकीपर्यंत टक्क जागा होतो! ती चूक सापडणाऱ्या बाईला नायिका करा. पण खडकाच्या सीनला कात्री लावा, तांत्रिक होतंय.

हिशेबनीस

खडक काढला तर सगळे पैसेच निघून गेले की हो. खडकातच तर आहेत ते.

पाचवा_सीझन

खडक ठेवा. आणि सहावा सीन मी देतो, ‘द वायर’च्या तिसऱ्या हंगामाच्या धर्तीवर. स्ट्रिंगर बेल हा अमली पदार्थांच्या धंद्यातला माणूस बांधकामात उतरतो. परवाने आणि सरकारी निधी मिळवून देतो म्हणून क्ले डेव्हिस त्याच्याकडून पैसे उकळत राहतो. शेवटी वकील त्याला समजावतो की त्या पैशाने काहीच झालेलं नाही. जे आपोआप मिळणार होतं त्याचं श्रेय डेव्हिसने घेतलं, जे मिळणार नव्हतं त्यासाठी तो आणखी पैसे मागत राहिला. रस्त्यावर सगळ्यांना टरकवणारा गुंड तिथे तोंडात मारल्यासारखा बसतो. तुमच्या गोष्टीत असाच एखादा चौथा ठेकेदार घाला, ज्याने साहेबांच्या मेहुण्याला पैसे दिलेत आणि मेहुण्याचं ऑफिसात कुणी ऐकतच नाही.

हिशेबनीस

असा मेहुणा प्रत्येक खात्यात असतो. घेतला.